धानाला ट्रायकोडर्मा द्यायचं, पण रोवणीच्या आधी

नागपूर जिल्ह्यात धान म्हटलं की रामटेक, मौदा, पारशिवनी, कुही, उमरेड आणि भिवापूरचा काही भाग. पेंचचा कालवा आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव जिथे पोहोचतात तिथे बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दिसतात. या पट्ट्यात अलीकडे नव्याने शेती करणारे बरेच जण भेटतात. कोणी नोकरी सांभाळून वडिलांची जमीन बघतो, कोणी ठेक्याने दोन एकर घेतो. यांच्याकडून ट्रायकोडर्मा या रोगांवर वापरायच्या बुरशीबद्दल हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ट्रायकोडर्मा टाकलं, काहीच फरक दिसला नाही. हे खरंच काम करतं का?"

करतं. पण बहुतेकांनी ते टाकलेलं असतं ऑगस्टमध्ये, चार बोटं पाणी साचलेल्या बांधीत, युरियात कालवून, आणि तेही करपा डोळ्यांना दिसायला लागल्यावर. तिथे त्याच्याकडून काहीही होणार नव्हतं. धानात या बुरशीची खरी जागा बियाण्यावर, पऱ्ह्यात (रोपवाटिकेत) आणि रोपाच्या मुळांवर आहे. म्हणजे रोवणी होईपर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत. त्यानंतर जे करायचं ते मुख्यतः पाण्याचं आणि युरियाचं नियोजन. ही एक गोष्ट धरून चाललात तर पुढचं सगळं सोपं आहे.

ही बुरशी नेमकं करते काय

ट्रायकोडर्मा ही मातीत राहणारी, झपाट्याने वाढणारी हिरव्या बीजाणूंची बुरशी. बाजारात प्रामुख्याने ट्रायकोडर्मा व्हिरिडी आणि ट्रायकोडर्मा हर्झियानम या नावांनी मिळते. रोग करणाऱ्या बुरशीच्या धाग्याला ती वेटोळे घालते, कायटिनेज आणि ग्लुकानेजसारखी विकरं सोडून त्याचं आवरण विरघळवते आणि आतला माल खाते. १९३२ साली अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग यांनी रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीवर हे घडताना दाखवलं. धानावरचा पर्णकोष करपा करणारी बुरशी नेमकी हीच, रायझोक्टोनिया सोलानी. म्हणजे आपल्या कामाचा शत्रू तिच्या मेनूवर पहिल्यापासूनच आहे.

याखेरीज मुळांभोवतीची जागा आणि अन्न ती आधी बळकावते, त्यामुळे नंतर येणाऱ्याला शिरकाव अवघड जातो. मुळावर बसली की रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही थोडी जागी होते. ही दोन्ही कामं रोगाच्या आधी व्हायला हवीत.

आता कुठल्या रोगावर आशा ठेवायची ते स्पष्ट करून घेऊ, कारण दुकानात "सगळ्यावर चालते" असंच सांगतात.

बियाण्यातून आणि मातीतून येणारे बुरशीजन्य रोग, म्हणजे पऱ्ह्यातली कूज आणि मर, तपकिरी ठिपके, रोपं अवाजवी उंच आणि फिक्कट होऊन मरणारा बकाने, यांवर बीजप्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. पर्णकोष करप्यावर उपयोग होतो, पण एकट्याच्या जिवावर नाही. पानावरचा करपा आणि विशेषतः लोंबीची मान काळी पडून मोडणारा मानमोडी हे हवेतून येणाऱ्या बीजाणूंचं काम. तिथे मुळावरच्या ट्रायकोडर्माची मदत थोडीच. दाण्याच्या जागी हिरवट-पिवळे गोळे करणारी आभासमय काजळी फुलोऱ्यात लागते, तिथेही फार भरवसा ठेवू नका. आणि कडा करपा हा तर जिवाणूचा रोग आहे. पानाच्या कडा टोकाकडून पिवळसर-पांढऱ्या होत वाळत आल्या असतील तर ट्रायकोडर्माची पुडी फोडूच नका.

पुडी विकत घेताना

कृषी केंद्रात जैविकच्या रॅकवर एकसारख्या दिसणाऱ्या पुड्या असतात. मेटारायझियम आणि बिव्हेरिया याही बुरशाच, पण त्या किडींसाठी. तुडतुड्यांसाठी आणलेली पुडी करप्यावर वापरल्याची उदाहरणं आहेत. स्युडोमोनास हा जिवाणू आहे, तो रोगांसाठीच वापरतात, पण तो वेगळा. त्यामुळे समोरच्या मोठ्या ब्रँडनावाकडे न बघता मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे बुरशीचं पूर्ण नाव, केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, एका ग्रॅममधल्या जिवंत बीजाणूंची संख्या, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत असायला हवी. एक टक्का भुकटीत साधारणपणे ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू (जिवंत बीजाणू मोजायचं एकक) लिहिलेलं असतं. नोंदणी क्रमांकच नसेल तर ती पुडी परत ठेवा, किंमत कितीही कमी असो.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: "भाऊ, हे उन्हाळ्यात कुठं ठेवलं होतं?" या बुरशीला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. नागपूरचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. भुकटीची मुदत साधारण सहा महिने धरतात, पण ती थंड, कोरड्या जागेत ठेवली तर. मार्चमध्ये बनलेली, एप्रिल-मे पत्र्याखाली काढलेली पुडी मुदतीत असूनही मेलेली असू शकते. म्हणून मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला आलेला ताजा माल घ्या. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे, किंवा वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या कृषी विज्ञान केंद्राकडे ताज्या मालाची चौकशी करायला हरकत नाही. कापसाच्या संस्थेत धानाचं काय विचारायचं असं वाटून घेऊ नका, कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातल्या सगळ्याच पिकांसाठी असतं.

आणलेली पुडी घरी माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवा. गाडीच्या डिकीत नको, मोटरच्या खोलीत नको, आणि खताच्या पोत्यांवर तर नकोच.

एका एकरासाठी किती लागेल? बियाण्याला १५०-२०० ग्रॅम, खतात मुरवायला एक ते दीड किलो, मुळं बुडवायला पाव ते अर्धा किलो. म्हणजे दोन किलोत भागतं. पुडीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर पुडीवरचं धरा.

जिवंत आहे की नाही, घरीच बघा

ही चाचणी प्रयोगशाळेच्या तोडीची नाही, पण मेलेला माल पकडायला पुरते. दोन काचेच्या बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. मोकळा शिजवलेला भात, प्रत्येकीत दोन चमचे, पूर्ण गार झाल्यावर भरा. एकीत भुकटीची चिमूट भुरभुरा, दुसरी तशीच ठेवा. तोंडाला स्वच्छ कापड बांधून सावलीत ठेवा.

दोन-तीन दिवसांत भुकटीच्या बरणीत पांढरा, कापसासारखा थर पसरायला लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यात हिरवे चट्टे उमटतात, आधी पोपटी, मग गडद. काही वाणांना या टप्प्यावर ओल्या खोबऱ्याचा वास येतो. तो आला तर समजा माल उत्तम. नाही आला तरी हरकत नाही, सगळ्या वाणांना तो नसतो. दुसरी बरणी कशाला, तर भातावर आपोआपही हिरवी बुरशी येते. दोन्ही बरण्या एकाच वेळी सारख्याच हिरव्या झाल्या तर चाचणी फसली, भांडी नीट धुऊन पुन्हा करा. भुकटीच्या बरणीत आठवडाभरात काहीच नाही आलं, तर पावती घेऊन दुकानात जा. बरणीतला भात जनावरांना घालायचा नाही, खड्ड्यात पुरून टाका.

याच भातावर वाढवून शेतात टाकावं असा मोह होतो, कारण फुकटात पडतं. माझं मत विचाराल तर नको. घरगुती भांड्यात त्याच्याबरोबर आणखी काय काय वाढतंय हे डोळ्यांना कळत नाही.

पहिलं काम: शेणखतात मुरवणं

पाऊस आपल्याकडे साधारण जूनच्या मध्यावर येतो आणि त्याच सुमारास पऱ्हे टाकले जातात. त्याच्या १०-१५ दिवस आधी हे काम सुरू करायचं, म्हणजे जूनचा पहिला आठवडा. ऐन उष्म्यातलं काम आहे, त्यामुळे जागा महत्त्वाची. आंब्याची किंवा कडुनिंबाची दाट सावली, किंवा गोठ्याची पडवी.

शंभर किलो शेणखत घ्या. ते पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतलं तर भुसभुशीत, काळपट, मातीचा वास. उकिरड्यातलं अर्धकच्चं शेण घेतलंत तर ते आतून तापतं आणि बुरशी मरते, शिवाय हुमणीच्या अळ्या मोफत मिळतात. त्यात एक ते दीड किलो ट्रायकोडर्मा थर देत मिसळा. पाणी इतकंच शिंपडायचं की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. फूटभर उंचीचा पसरट ढीग करा, ओल्या गोणपाटाने झाका. प्लास्टिक नको, हवा लागते. रोज संध्याकाळी गोणपाट ओला करायचा, तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करायचा. विरजणाचं जसं थोडक्यात भांडंभर होतं तसं इथे दीड किलोचं शंभर किलो होतं. आठ-दहा दिवसांत ढिगाच्या वरच्या थरात पांढरट-हिरवी झाक दिसली की खत तयार.

यात राख, चुना, युरिया, डीएपी काहीही मिसळायचं नाही. या बुरशीला किंचित आम्लधर्मी वातावरण आवडतं, राख आणि चुन्याने ते बिघडतं.

या खतापैकी निम्मं पऱ्ह्याच्या वाफ्यात जाईल, उरलेलं रोवणीच्या बांधीत शेवटच्या चिखलणीआधी टाकता येईल. पण खत कमी पडत असेल तर सगळं पऱ्ह्यात घाला. एकराच्या रोवणीला चार गुंठ्यांचा पऱ्हा पुरतो. चार गुंठ्यांत टाकलेली बुरशी एकरभर रोपांच्या मुळाला लागते, हाच तर फायदा.

दुसरं काम: बियाणं

आधी पिशवीत हात घालून बघा. दाण्यांवर गुलाबी किंवा लाल रंग असेल तर कंपनीने आधीच बुरशीनाशक लावलेलं आहे, पिशवीवरच्या टॅगवर त्याचं नाव असतं. कार्बेन्डाझिमसारखं औषध ट्रायकोडर्मालाही मारतं, ते चांगली-वाईट बुरशी ओळखत नाही. अशा बियाण्यावर पुन्हा ट्रायकोडर्मा चोपडणं म्हणजे पैसे वाया. तिथे हे काम सोडून द्या, वाफ्यातल्या खतावर आणि मुळं बुडवण्यावर भर द्या.

घरचं बियाणं असेल, पीकेव्ही एचएमटी म्हणा किंवा गावात चालणारं दुसरं कुठलंही, तर पूर्ण प्रक्रिया करा. एचएमटी हे वाण मुळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून काढलेलं. चांगलं बियाणं डोळ्यांनी निवडण्याची परंपरा आपल्याच भागातली आहे, ती मिठाच्या पाण्याने अजून सोपी होते.

दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. बियाणं त्यात सोडून हलवा. वर तरंगतं ते पोचट आणि रोगट, चाळणीने काढून टाका. तळाचं बियाणं स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. मीठ राहिलं तर उगवणही मार खाते आणि बुरशीही. मग सावलीत वाळवा.

एकराला बारीक वाणाचं १५ किलोच्या आसपास आणि ठोकळ वाणाचं २० किलोपर्यंत बियाणं लागतं. किलोला ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा, मी १० ग्रॅमच्या बाजूचा, कारण घरच्या मालात रोगाची शक्यता जास्त. गार झालेल्या पेजेत किंवा गुळाच्या पातळ पाण्यात भुकटी कालवून घट्टसर घोळ करा. बियाणं ताडपत्रीवर पसरून घोळ शिंपडा आणि दोघांनी ताडपत्रीची टोकं धरून हेलकावे द्या. हाताने रगडण्यापेक्षा हे बरं, टरफल दुखावत नाही. प्रत्येक दाण्याला राखाडी-हिरवट लेप दिसला की अर्धा तास सावलीत सुकवा. उन्हात मुळीच नको, ऊन बीजाणूंना मारतं.

मोड आणून पेरणार असाल तर क्रम असा: बियाणं दिवसभर भिजवा, पूर्ण निथळा, मग लेप द्या, आणि नंतर ओल्या पोत्यात बांधा. लेप देऊन मग भिजवलंत तर सगळं पाण्याबरोबर जाईल. पोतं आतून फार तापू देऊ नका, अधूनमधून हात घालून बघा आणि पाणी शिंपडा. अझोस्पिरिलम किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्यायचे असतील तर ते ट्रायकोडर्मानंतर, पेरणीच्या अगदी आधी.

आवत्या, म्हणजे रोवणी न करता थेट पेरणी, करणाऱ्यांसाठी बीजप्रक्रिया आणि खत ही दोनच कामं. रोवणी नाही, म्हणून मुळं बुडवणं नाही. पण आवत्याच्या जमिनीत सुरुवातीचे दिवस पाणी साचून नसतं, हवा खेळती असते, त्यामुळे बुरशी तिथे उलट जास्त चांगली बसते.

भुकटी हाताळताना नाकाला रुमाल आणि हातात मोजे. दम्याचा त्रास असलेल्याने किंवा दीर्घ आजारातून उठलेल्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. घरात कोणी ढिंगरी अळिंबी घेत असेल तर त्या खोलीच्या आसपास पुडी फोडूसुद्धा नका. अळिंबीच्या बेडवर हीच ट्रायकोडर्मा हिरवी बुरशी म्हणून येते आणि सगळे बेड बसवते.

तिसरं काम: पऱ्हा

सपाट बांधीत पऱ्हे टाकण्यापेक्षा मीटर-सव्वा मीटर रुंदीचे, चार बोटं उंच गादीवाफे करा, दोन वाफ्यांत पाण्याला चर ठेवा. मौदा-कुहीकडच्या काळ्या भारी जमिनीत हे विशेष गरजेचं, तिथे एका रात्रीच्या पावसाने पाणी तुंबतं आणि नाजूक मोड कुजतात. वाफ्यावर तयार खत पसरून बोटभर खोल मिसळा, त्यावर बी टाका, पातळ मातीने झाका. चरांत ओल राहील, पण वाफा बुडणार नाही इतकंच पाणी. ट्रायकोडर्माला प्राणवायू लागतो. पऱ्ह्याचे हे तीन आठवडे म्हणजे तिला मुळांवर जम बसवायला मिळणारा मुख्य काळ.

पिवळटपणा दिसला म्हणून लगेच युरियाचा मारा करू नका. लुसलुशीत, गडद हिरवं रोप करप्याला आधी बळी पडतं.

चौथं काम: मुळं बुडवणं

रोपं २१ ते २५ दिवसांची झाली की रोवणी. आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्या, म्हणजे मुळं न तुटता रोपं निघतात. मुळांची माती हलकेच धुऊन पेंढ्या बांधा.

बांधीच्या धुऱ्याला (बांधाला), सावली असेल तिथे, वीतभर खोल खड्डा करून त्यात ताडपत्री अंथरा आणि दहा लिटर पाणी भरा. लिटरला १० ग्रॅम या हिशेबाने १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा आधी तांब्याभर पाण्यात कालवून मग त्यात ओता, थेट टाकलं तर गुठळ्या होतात. पेंढ्या उभ्या ठेवा, फक्त मुळं बुडतील अशा. अर्धा तास. रोवणाऱ्या बाया घाईत असतात आणि त्यांचा खोळंबा म्हणजे तुमचा पैसा, म्हणून पेंढ्यांच्या दोन पाळ्या लावा: एक बुडलेली, एक बांधीत चाललेली. पाणी कमी झालं की त्याच प्रमाणात नवीन घोळ घाला. पाणी गढूळ होऊन खाली गाळ बसला की बदला.

विहिरीचं, बोअरचं किंवा कालव्याचं पाणी चालेल. नळाचं क्लोरीनवालं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा.

कुही-भिवापूरकडे मिरचीचीही रोपवाटिका असते. उरलेला घोळ तिच्या मुळाशी ओता, मिरचीच्या रोपांच्या मरीवरही तो तितकाच कामाचा.

रोवणीनंतर बांधीत

इथे बुरशीचं काम मंदावतं, कारण साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात हवा नसते. आता तुमचं काम.

पहिलं, चिखलणी झाल्यावर बांधीचे कोपरे बघा. वारा ज्या दिशेने वाहतो त्या कोपऱ्यात फेस, काडीकचरा, तणसाचे (धानाच्या काडाचे) तुकडे गोळा झालेले दिसतील. तो कचरा ओंजळीत घेऊन नीट पाहिलं तर त्यात मोहरीएवढे, वेडेवाकडे तपकिरी दाणे सापडू शकतात. ते पर्णकोष करप्याच्या बुरशीचे सुप्त गोळे. ते पाण्यावर तरंगतात, खोडाला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि तिथून रोग सुरू होतो. जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याने हा कचरा उचला आणि बांधीबाहेर नेऊन जाळा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ते करणारे फार थोडे, आणि पुडीवर पुडी घेणारे पुष्कळ.

दुसरं, पाणी. मूळ धरेपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर, फुटव्यांच्या काळात पाचेक सेंटिमीटर, आणि मधूनमधून बांधी निथळू द्यायची, चिखलाला बारीक भेगा पडू लागेपर्यंत. पेंचच्या टोकावरच्या शेतकऱ्याला हे पटत नाही. पुढची पाळी कधी येईल याची खात्री नसताना आहे ते पाणी कोण सोडेल? त्यांनी निदान एका बांधीतून दुसरीत पाणी सोडताना रोगट बांधीचं पाणी निरोगी बांधीत जाणार नाही एवढं बघावं.

तिसरं, युरिया एकदम न देता रोवणी, फुटवे आणि लोंबी पोटरीत धरण्याच्या सुरुवातीला असा विभागून द्या, आणि पालाश टाळू नका. रोवणी २० बाय १५ सेंटिमीटरवर. दाट रोवलेल्या बांधीत आत हवा फिरत नाही आणि करपा एका चुडातून (रोवलेल्या रोपांच्या झुबक्यातून) दुसऱ्या चुडात चालत जातो.

ट्रायकोडर्माची फवारणी करायची का? रोवणीनंतर महिनाभराने, पाणी काढलेल्या बांधीत, खोडाच्या बुंध्यावर, संध्याकाळी पाचनंतर केली तर काही उपयोग होतो. भुकटी कापडातून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबतं. पंप आधी बुरशीनाशकाला वापरला असेल तर साबणाने तीनदा धुवा. पण पैसे मोजून खर्च करायचा असेल तर हा खर्च सगळ्यात शेवटी.

औषध कधी मारायचं

ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ, दमट दिवसांत आठवड्यातून एकदा बांधीत उतरा. धुऱ्यावरून काही दिसत नाही. चूड हाताने फाकवून पाण्याच्या रेषेजवळचं खोड बघा. लांबट-गोल, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी चट्टे म्हणजे पर्णकोष करपा. ते एखाद-दोन चुडांत खालीच असतील तर पाणी काढा, युरिया थांबवा, चार-सहा दिवसांनी पुन्हा बघा. चट्टे वर पानांकडे चढत असतील, किंवा पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी असे करप्याचे ठिपके वाढत असतील, तर जैविकचा हट्ट सोडा आणि शिफारशीचं बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात मारा. हेक्झाकोनाझोल, प्रोपिकोनाझोल ही औषधं ट्रायकोडर्माला मारक आहेत, त्यामुळे त्यांच्यात मिसळून कधीच नाही, आणि दोहोंत १०-१५ दिवसांचं अंतर ठेवा. लोंबी निसवण्याच्या वेळी रात्री गार आणि दव पडणारं हवामान असेल तर मानमोडीकडे लक्ष. तिथे चार दिवसांचा उशीर म्हणजे पोचट लोंब्या.

रोग ओळखता येत नसेल तर मुळासकट एक चूड उपटून, ओल्या कागदात गुंडाळून सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मोबाइलवरचा धूसर फोटो बघून दुकानदाराने दिलेलं औषध बहुतेक वेळा त्याच्याकडे जास्त शिल्लक असलेलं औषध असतं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

फरक पडला हे कसं कळणार

एक छोटी बांधी ट्रायकोडर्माशिवाय ठेवा. बियाणं तेच, खत तेच, रोवणीचा दिवस तोच, आणि पाणी त्या बांधीतून बाकीच्या बांध्यांत उतरणार नाही अशी जागा. पऱ्ह्यात किती रोपं मेली, रोवणीनंतर मुळं किती पांढरी आणि दाट आहेत, सप्टेंबरात शंभर चुडांपैकी किती चुडांवर चट्टे आहेत, हे दोन्हीकडे मोजून वहीत लिहा. शेजाऱ्याच्या शेताशी तुलना करून काही कळत नाही, त्याचं वाण वेगळं, युरिया वेगळा.

कापणीनंतर तणस आणि धसकटं बांधीतच सोडली की करप्याचे गोळे पुढच्या हंगामासाठी तिथेच मुक्काम करतात. जनावरांना लागेल तेवढं चांगलं तणस बाजूला काढा. रोगट तणस खड्ड्यात टाका, थरावर थर शेणकाला शिंपडा, आणि टनाला एक किलो या हिशेबाने ट्रायकोडर्मा घाला. हंगामात पुडी उरली असेल आणि मुदत संपत आली असेल तर तिची जागाही हीच. ओल टिकवलीत तर मेपर्यंत खड्ड्यातून पुढच्या पऱ्ह्यापुरतं कुजलेलं खत निघतं. त्यात पुन्हा मुरवायला मात्र जूनमध्ये ताजी पुडीच घ्यावी लागेल.